काठी नव्हे, आनंदच

एकांनी लिहिलंय की घरचं माणूस गेल्यावर म्हातारपणी धरलेला देव म्हणजे नुसती आधाराची काठी. मला नाही पटत. माझ्या मावशीचे यजमान गेले, पाठोपाठ तरणाताठा मुलगा गेला आणि ७२व्या वर्षी तिने नगरला बाप्तिस्मा घेतला. तिचं रडणं काही थांबलं नाही, अजूनही रडते. पण रविवारच्या उपासनेत तिला बघावं! मोठ्या अक्षरांचं गीतपुस्तक, ओळीखालून सरकणारं बोट, सूर सगळ्यांच्या मागे आणि चेहरा उजळलेला.

लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा ना. १९१९ साली त्यांचे यजमान, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही, तरी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य त्यांनी हाती घेतलं आणि ६०हून अधिक अध्याय स्वतः रचले. नुसत्या काठीच्या आधाराने एवढं होत नाही हो.

गेल्या नाताळात मावशीने करंज्या केल्या, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. पहिलं ताट शेजारच्या पोरांपुढे ठेवलं आणि पोरं खात असताना ती तिथेच बसून राहिली.