मदत हवी आहे: सेकंडहँड बेस गिटार, पिकअप बदललेले, घ्यावा का? (रविवारच्या आत सांगा)

भोंगा (गुरुवार, रात्री ११:४२)
बेस घेतोय सेकंडहँड. बोरिवलीचा माणूस आहे, २४ सांगतोय. पिकअप (तारांचा आवाज पकडतात ते) बदललेत, आतलं सर्किट पण बदललंय, त्यात खूप पैसे गेलेत म्हणून एक रुपया कमी करणार नाही म्हणतो. काल वाजवून बघितला. वाजतो मस्त, पण मागे सारखी घुंईऽऽ येते. तो म्हणे तसंच असतं. रविवारी दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याच्या आधी हो-नाही कळवायचंय. जाणकारांनी पटापट सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

मंद्रसप्तक (रात्री ११:५५)
कुठला बेस? चार तारा की पाच? २४ म्हणजे हजार ना? कुठल्या अँपवर ऐकलात? तारांना हात लावला की घुंई कमी होते की वाढते? हे कळल्याशिवाय "घ्या" म्हणणारा आणि "नका घेऊ" म्हणणारा, दोघेही अंदाजपंचे.

वाद्यवृंद (शुक्रवार, सकाळी ६:१०)
तारा कुठल्या आहेत ते कोणी विचारलंच नाही. राउंडवाउंड (गोल तारेच्या वेढ्याच्या) असतील तर आधी काढा आणि फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) लावा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सनने फेंडरच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंडच वाजवल्या, तुटल्याशिवाय बदलतसुद्धा नसे. आजची पोरं दर दोन महिन्यांनी तारा बदलतात आणि वाजवतात काय, तर चमच्याने ताट बडवल्यासारखं.

भोंगा (सकाळी ९:०५)
२४ हजारच, लाख कशाला असतील. चार तारा, काळा, फेंडर आहे. अँप त्याचाच होता, छोटासा. तारांचं माहीत नाही. हात लावला की कमी होते थोडी. आता सांगा घेऊ का?

जैसे_थे (सकाळी ९:२०)
२४ हजारात फेंडर? हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या टोकावरचं) नाव नीट वाचा. मोठ्या अक्षरात "स्क्वायर" आणि शेजारी बारीक "बाय फेंडर" आहे का?

भोंगा (सकाळी ९:२४)
हो. म्हणजे एकच ना.

जैसे_थे (सकाळी ९:४०)
एकच नाही. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड. बेस म्हणून अजिबात वाईट नाही, पण भाव स्क्वायरचा द्यायचा. सीरियल नंबर मागवा. इंग्रजी आय-सी-एसने सुरू होत असेल तर इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात बनलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेले मूळ पिकअप आणि मूळ सर्किट तो देतोय का? देत नसेल तर भाव वाढायच्या ऐवजी उतरायला हवा. त्याने हौसेने घातलेले पैसे तुम्ही का फेडायचे? उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा तुम्हाला हेच विचारेल.

रेझिस्टर (सकाळी १०:१५)
झालं, आले मूळ-मूळ करणारे. साठच्या दशकातला फेंडरचा जॅझ बेस असता तर मीही म्हटलं असतं, सोल्डरला हात लावू नका. स्क्वायरचा पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलला तर कोणाचं सुतक पाळायचंय? कारखान्यातून येतात ते पॉट आणि स्विच बारीक असतात, वर्षात खरखर सुरू. मी माझ्या बेसचं सगळं पोट रिकामं करून परत भरलंय: मोठे २५० किलोओहमचे पॉट, आतून कॉपर टेप. टेप, वायर, कपॅसिटर सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळतं. घ्या बिनधास्त, घुंईसाठी टेप मारा.

जैसे_थे (सकाळी १०:२२)
तुमच्या बेसला घेणारा मिळाला का मग?

रेझिस्टर (सकाळी १०:२३)
मला विकायचाच नाहीये.

शुभा_पार्ले (सकाळी ११:००)
माझ्या मते सुरुवात युकुलेलेने करावी. माझी मुलगी तिसरीत आहे, चारच तारा असतात, बोटं दुखत नाहीत आणि दप्तराबरोबर नेता येतं. बेसला चारच तारा असतात ना? मग फार फरक नसावा.

निळाशार (सकाळी ११:३०)
माझ्याकडे यामाहाचा पाच तारांचा आहे, एकदम टकाटक, घरगुती वापर. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक (सकाळी ११:३४)
विक्रीच्या जाहिराती खरेदी-विक्री विभागात द्याव्यात.

मंद्रसप्तक (दुपारी १:१०)
भोंगा, पिकअप आणि सर्किट बाजूला ठेवा. आतलं सगळं जळलेलं निघालं तरी दोन-चार हजारांत वाजतं करता येतं. नेक (तारांखालची लांब दांडी) गेलेला असेल तर तेवढ्या पैशात काहीच होत नाही. म्हणून परत जाल तेव्हा आधी नेक बघा, अँप लावूच नका.

बॉडीच्या टोकाला डोळा लावून तारांच्या रेषेत हेडस्टॉककडे बघा. नेक पिळल्यासारखा दिसला, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर नमस्कार करून घरी या. मग ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे ठीक. नाणं सरकत असेल तर नेक पुढे वाकलाय. फटच नसेल तर मागे.

वाकलेला असला तर घाबरू नका, त्यासाठीच आत ट्रसरॉड, म्हणजे नेकचा बाक सुधारणारा धातूचा दांडा, असतो. पण तो फिरतो का, हे तुमच्यासमोर विकणाऱ्याला करून दाखवायला सांगा. हेडस्टॉककडच्या भोकात अॅलन की घालून पाव फेरा, त्याहून जास्त नको. नटाचे कोपरे झिजून की गरागरा फिरत असेल, किंवा तो "हात नका लावू, सेट केलाय" म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपला. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड पाणी धरतं आणि ऑक्टोबरनंतर सोडतं, वर्षातून दोनदा तरी रॉड फिरवावा लागतोच. फिरत नसलेला रॉड मुंबईत काय कामाचा?

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळा येईल, तरी वाजवा. आणि बॉडीत नेक बसतो त्या खाचेच्या कडेला रंगाला तडा आहे का बघा. नुसता रंग तडकला असेल तर चालेल, लाकडात गेला असेल तर नाही.

आता घुंई. नॉब किती आहेत? मागे चौकोनी झाकण आहे का, नऊ व्होल्टच्या बॅटरीचं?

भोंगा (दुपारी ३:४५)
तीन नॉब. एकावर एक बसलेला डबल पण आहे. झाकण आहे मागे, त्याने स्वतः कोरलंय म्हणे. पण माझा प्रश्न घेऊ का नको एवढाच होता.

रेझिस्टर (दुपारी ३:५२)
अरे मग अॅक्टिव्ह केलाय त्याने! आधी नाही का सांगायचं. प्रीअँप घातलाय, म्हणजे बॅटरीवर आवाज वाढवणारं सर्किट. डबल नॉब बेस-ट्रेबलचा, आणि उरलेल्या दोनांत एक ब्लेंड (दोन पिकअपांचं प्रमाण ठरवणारा) असणार, ज्याला मध्यावर हलका खटका लागतो. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, पिन आत राहिली की बॅटरी चालूच राहते. आणि ट्रेबल फुल ठेवून ऐकला असेल तर घुंई येणारच, प्रीअँप तीही वाढवून देतो.

वाद्यवृंद (संध्याकाळी ५:००)
अॅक्टिव्ह म्हणजे बॅटरी. कार्यक्रमात दुसऱ्या अंकाला बॅटरी मेली की काय वाजवणार, टाळ? आमच्या वेळी एक व्हॉल्यूम, एक टोन. पंचमच्या गाण्यांत टोनी वाझनी बेस वाजवला, तो ऐका एकदा. आणि हम, म्हणजे तुमची घुंई, येत असेल तर अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायची, मांडवात आम्ही सर्रास तेच करायचो, हम गायब.

मंद्रसप्तक (संध्याकाळी ५:०४)
काका, राग मानू नका, पण हे कोणीही करू नका. बेसच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा अडकवतात तो धातूचा भाग), केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ काढलीत आणि अँपमध्ये काही बिघडलं तर करंट तारांवर येतो, आणि तारा वाजवणाऱ्याच्या हातात असतात. समोर माइक ओठाला लागला की संपलंच. दोन पिनी अॅडॉप्टर लावणं म्हणजे तेच.

वाद्यवृंद (संध्याकाळी ५:३०)
आम्ही जिवंत आहोत.

मंद्रसप्तक (संध्याकाळी ५:३१)
जे नाहीत ते प्रतिसाद देत नाहीत काका.

भोंगा, जॅझ बेस आहे असं धरतो (दोन लांबट, पट्टीसारखे पिकअप?). त्यातलं प्रत्येक पिकअप सिंगल कॉइल (बारीक तारेचा एकच वेढा), म्हणजे एकटं चालवलं की घुंई करणारच. तेवढ्यापुरता तो माणूस खरं बोलतोय. पण दोन्ही सारखी उघडली की घुंई जवळजवळ जायला हवी, कारण दुसऱ्याचा वेढा उलटा आणि चुंबकही उलटं असतं. घुंई एकमेकांना खाते, तारेचा आवाज मात्र मिळून येतो. तेव्हा ब्लेंड मध्यावर, खटक्यावर ठेवून ऐका. दिवे, पंखा, मोबाइल लांब. आणि पिकअपच्या कडेला फट आहे का बघा.

भोंगा (शनिवार, दुपारी १२:२०)
आलो जाऊन. नेक सरळ आहे, कार्ड सरकलं. रॉड फिरवून दाखवला त्याने, आवाज न करता फिरला. जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एक-दोन ठिकाणी खरखरतं. खटक्यावर ठेवला तरी घुंई तेवढीच, उलट जास्तच वाटली. ब्रिजकडच्या पिकअपच्या बाजूला फट आहे, त्यात काळं पुठ्ठं कोंबलंय. फटीचं कसं काय ओळखलंत?

मंद्रसप्तक (दुपारी १२:४१)
फेंडरच्या नेहमीच्या जॅझ बेसात ब्रिजकडचं पिकअप नेककडच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतं, कारण तिथे तारा जास्त पसरलेल्या असतात. (काही स्वस्त मॉडेलांत दोन्ही एकाच मापाची येतात, तेव्हा खाचही लहान असते.) इथे खाच लांब आणि पिकअप आखूड. म्हणजे बहुतेक नेकचीच दोन पिकअप बसवलीत, कुठेतरी सुटी मिळाली म्हणून. दोघांचा वेढा एकाच दिशेचा, त्यामुळे घुंई खात नाहीत, बेरीज करतात. कॉपर टेपने थोडा फरक पडेल, पण मूळ दुखणं तेच राहणार.

रेझिस्टर (दुपारी १२:५०)
मग सोपं आहे की. एका पिकअपच्या दोन वायरी उलटसुलट करून डाग द्या. दहा मिनिटांचं काम.

मंद्रसप्तक (दुपारी १२:५८)
घुंई जाईल, बेसही जाईल. नुसत्या वायरी उलटवल्या की तारेचा आवाजही उलट्या फेजमध्ये जातो. दोन्ही पिकअप एकत्र उघडली की खालचा भरीवपणा उडून नाकातला, पत्र्यासारखा आवाज उरतो. वायरीबरोबर चुंबकही उलटायला लागतं, आणि या पिकअपांत चुंबकाच्या कांड्या वेढ्याच्या आतच बसवलेल्या असतात.

रेझिस्टर (दुपारी १:०६)
हां, चुंबकाचं बरोबर आहे. मग ब्रिजचं एक पिकअप नवीन. त्याच मेकचं.

जैसे_थे (दुपारी १:१५)
आणि मूळ पिकअप?

भोंगा (दुपारी १:३०)
विकून टाकले म्हणे.

जैसे_थे (दुपारी १:३१)
बोललो होतो. वर बॉडीला मागून भोक. २४ सोडा, १७ पासून सुरुवात करा. "खूप खर्च केलाय" म्हणाला तर म्हणा, तोच काढून घे आणि मूळ घालून दे.

निळाशार (दुपारी १:४५)
माझा यामाहा अजून आहे. (ही जाहिरात नाही, माहिती आहे.)

शुभा_पार्ले (दुपारी २:१०)
अवांतर: बोरिवलीहून एवढं मोठं वाद्य लोकलने आणणार का? मिस्टरांनी एकदा सतार आणली होती, लोकांनी काय काय ऐकवलं.

रेझिस्टर (दुपारी २:१६)
चौतीस इंची स्केल म्हणजे बॅगेत धरून जवळजवळ चार फूट. लगेजच्या डब्यात जा. पाठीवर अडकवलीत तर हेडस्टॉक दारावर आपटतो, पोटाशी उभी धरा.

वाद्यवृंद (दुपारी २:३०)
रविवारी दुपारी कसली गर्दी. मेगाब्लॉक आहे का तेवढा बघून निघा. आम्ही डबल बास टॅक्सीच्या टपावर बांधून न्यायचो.

भोंगा (रविवार, रात्री ८:५०)
घेतला. १८ हजारांना ठरला. आधी तोंड वाकडं केलं, पण नेकच्या पिकअपचं बोलल्यावर गप्प झाला. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही. बॅग दिली, पट्टा नाही दिला. दोन आठवड्यांनी दादरला कार्यक्रम आहे, तोवर पिकअप मिळालं नाही तर काय करू? लवकर सांगा.

मंद्रसप्तक (रात्री ९:०२)
अभिनंदन. कार्यक्रम आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, असो. पिकअप मागताना "जॅझ बेस, ब्रिज पोझिशन" असं स्पष्ट सांगा आणि आधी खाच मोजून न्या. आता आहेत त्यांचं मेक पिकअपच्या पाठीवर लिहिलेलं असतं, त्याच मेकचं घ्या. दुसऱ्या मेकचं घेतलंत तर वेढा उलटा निघेलच असं नाही. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत विचारून बघा, नाहीतर मागवावं लागेल. जी तारेची खरखर आधी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) किंचित वर करून बघा, फ्रेट घासायची घाई नको.

नाहीच मिळालं तर ट्रेबल उतरवा, नवी बॅटरी घाला आणि स्टेजवर उभं राहून सावकाश गोल फिरा. सिंगल कॉइलची घुंई कोनाप्रमाणे कमी-जास्त होते. जिथे कमी होईल तिथे तोंड करून वाजवायचं. डिमरपासून लांब राहा.

भोंगा (रात्री ९:०५)
डिमर कुठे असतो?

रेझिस्टर (रात्री ९:०७)
लाइटवाल्याला विचारा.