तीन महिने इथं, तीन महिने तिथं: नर्सनं असं फिरावं का?

फिरतीवरची सिस्टर, रत्नागिरी

गेल्या आठवड्यात आत्या घरी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला एका जागी टिकता येत नाही का गो?" तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स. पाच वर्षं मुंबईत एकाच हॉस्पिटलात काढली. गेली चार वर्षं करारावर फिरते. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुठं नवीन आयसीयू सुरू झाला, की तीन-चार महिन्यांसाठी बोलावणं येतं. चिपळूण झालं, कणकवली झाली, महाड झालं. माझं मत असं की लग्न-मुलांच्या जबाबदाऱ्या अंगावर येण्याआधी प्रत्येक नर्सनं दोन-तीन वर्षं असं फिरावंच.

मुंबईत असताना फुरसं, म्हणजे तो विषारी साप, चावलेला माणूस मी एकदाही हाताळला नव्हता. कणकवलीत पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या जुन्या सिस्टरनं मला हाताला धरून शिकवलं. शिरेतून दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच ट्यूब तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर समजायचं की विषानं गोठणं बिघडवलंय. ट्यूब काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण फसतो.

पुढच्या करारावर गेले त्या हॉस्पिटलात सगळ्या ट्यूबा प्लास्टिकच्या. पहिल्याच दिवशी मी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, काचेच्या मागून घेतल्या. आठ दिवसांनी रात्री दोन वाजता काजूच्या बागेतला एक गडी आला. पायावर नुसते दोन ठिपके, सूज बेताची, आणि स्वतः म्हणतोय, "काय नाय, सकाळी घरी जातो." वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी लगेच सर्पविषविरोधी लस सुरू केली आणि चौथ्या दिवशी तो चालत घरी गेला. मी एकाच जागी राहिले असते तर ती ट्यूब तिथं पोचली नसती.

पैशाचंही सांगते. कायम नोकरीत पगारवाढ मागताना मान खाली घालून उभं राहावं लागायचं. आता करार करतानाच रक्कम, खोली आणि जेवण लिहून घेते. दोन करारांच्या मधे आंब्याच्या दिवसांत घरी पेट्या भरायला असते. रोस्टरवरून होणारी भांडणं माझ्यापर्यंत येईस्तोवर माझी निघायची वेळ झालेली असते!

निवृत्त एएनएम, गुहागर तालुका

पोरी, तुझ्या ट्यूबचं कौतुक आहे, मनापासून. पण तुझं म्हणणं मला पटलं नाही.

मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स. सव्वीस वर्षं एकाच उपकेंद्रात होते. डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र हा सरकारी निकष, पण आमच्याकडं ती तीन हजार माणसं बारा वाड्यांत विखुरलेली, मधे दोन पऱ्हे, म्हणजे ओढे. एकदा विहिरीवर एक सातव्या महिन्यातली सून भेटली. काकणं सुजलेल्या हातात रुतलेली. तिचं मनगट मी ती शाळेत असल्यापासून बघत आले होते, लस टोचायला जायचे तेव्हापासून. तिथंच विचारलं, डोकं दुखतं का? हो म्हणाली. बीपी घेतलं तर वर. त्याच दुपारी तिला पुढं पाठवली. तिची तपासणीची तारीख पंधरा दिवसांनी होती, आणि नवीन सिस्टरनं ती तारखेलाच बघितली असती. नव्या माणसाला काकणं सैल होती की घट्ट हे कसं कळावं?

आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाचे रुग्ण ते रात्र-रात्र उशाशी बसून बघायचे. त्यातूनच १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा विंचूदंशावरचा उपचार आला. तीन महिन्यांच्या करारावर आलेल्या माणसाकडून हे झालं असतं का?

फिरतीवरची सिस्टर

काकू, काकणांची गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. ते मला जमलं नसतं, मान्य.

पण बावस्कर सर एमडी करायला पुण्याला गेले होते आणि मग महाडला परत आले. बाहेर जाणं आणि जागेशी इमान राखणं या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. मी कायमचं फिरा असं म्हणत नाही. शिकायच्या वयात फिरा, एवढंच म्हणते.

कुडाळचा एक मुलगा

मी आरोग्य खात्यातला नाही. माझी आई तीन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. ती बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितोय.

गाडीत बसल्याबरोबर आईचा पहिला प्रश्न असतो, "आज कोण आसा?" तिच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. आमच्या जुन्या टेक्निशियनदादाला तो हात पाठ होता. सुई कुठल्या कोनात घालायची, कुठली जागा परवा टोचली म्हणून आज सोडायची, सगळं. तो नोकरी सोडून गेला आणि वर्षात चौघे बदलून आले. सगळे शिकलेले, सगळे नम्र. तरी दर नव्या माणसाच्या पहिल्या आठवड्यात आईचा हात काळानिळा व्हायचा.

मे महिन्यात तो दादा आल्या-आल्या विचारायचा, "काकी, आंबो किती खाल्लास? खरा सांगा." डायलिसिसवाल्याला आंबा-फणसातलं पोटॅशियम हृदयापर्यंत भोवतं. आई त्याच्याशी खोटं बोलायची नाही. नव्या मुलीला मात्र सरळ सांगते, एक फोडसुद्धा नाही. मी घरी कोयी मोजलेल्या असतात.

सिस्टर, तुम्हाला फिरण्याचा फायदा होतो, होवो. पण त्या फायद्याची किंमत कुणाच्या तरी हातावर उमटते.

आरबीएसके फार्मासिस्ट, लांजा

मी रोज फिरतो आणि तरी तालुका सोडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके), म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी, २०१३ साली सुरू झाला. आमच्या पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि मी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं. गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढं पायी.

एका वाडीत दीड वर्षाचं पोर खेळताना मधेच उकिडवं बसायचं. घरचे म्हणाले, आळशी आहे. आमच्या मॅडमनी ओठांचा रंग बघितला आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदयात जन्मजात दोष निघाला, मुंबईत ऑपरेशन झालं. आज शाळेत पळतं. रोज तिथंच असणाऱ्यांच्या नजरेला ते बसणं सवयीचं झालं होतं, आम्हाला ते खटकलं. हा फिरण्याचा फायदा. पण ऑपरेशनला न्यायला आजी तयार नव्हती आणि तिला समजवायला आम्ही चार वेळा त्याच घरी गेलो, हा परत येण्याचा फायदा. त्यामुळं सिस्टर, फिरा, पण गोल फिरा. ठरावीक चार-पाच हॉस्पिटलं धरून.

बाकी पगाराचं म्हणाल तर आमचंही कंत्राटीच. पण रक्कम आम्ही ठरवत नाही, करार नवा होईल की नाही याची धाकधूक तेवढी दर वर्षी असते. फिरतीतलं स्वातंत्र्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मंडणगडची लेक, सध्या ह्यूस्टन

अमेरिकेत याला ट्रॅव्हल नर्सिंग म्हणतात आणि तो रीतसर धंदा आहे. करार साधारण १३ आठवड्यांचा, मधे एजन्सी, घरभाड्याचा भत्ता वेगळा. नर्सिंगच्या परवान्याचा राज्याराज्यांत समझोता आहे, चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत, म्हणून एका परवान्यावर तिथं काम करता येतं. मी दोन वर्षं केलं. पैसा चांगला मिळाला, कोविडच्या काळात तर फारच.

दुसरी बाजूही सांगते. हॉस्पिटलातले रुग्ण कमी झाले की करार मधेच तोडतात. नवीन जागी एक-दोन दिवसांची तोंडओळख, की लगेच पूर्ण पेशंट हातात. औषधाचं कपाट कुठं, क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांच्या सामानाची ढकलगाडी) कुठं, हे रात्री तीन वाजता शोधत बसायची वेळ माझ्यावर आली आहे. म्हणून तिथं आधी एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. आपल्याकडं फ्रेशर मुलींनी हा धागा वाचून लगेच फिरतीवर निघू नये, ही विनंती.

फिरतीवरची सिस्टर

ताईंचं शंभर टक्के बरोबर. मुंबईतली पाच वर्षं नसती तर मी हे केलंच नसतं.

कुडाळच्या दादा, तुमच्या आईचा हात डोक्यातून जात नाही. मी डायलिसिसला काम केलेलं नाही, पण चूक कुठं होते ते कळतं. जाणारा माणूस घाईत निघतो आणि येणाऱ्याला कागदावर फक्त मशीनचे आकडे मिळतात. गेल्या करारापासून मी निघायच्या आधीचे दोन दिवस येणाऱ्या सिस्टरसोबत काढते, आणि ते करारात लिहून घेते. वहीत औषधांखेरीजचं लिहिते. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची सून आली तरच ती गोळी घेते, असं. पहिल्यांदा मेट्रन म्हणाल्या, दोन दिवस दोघींचा पगार कोण देणार? मी माझा एक दिवस सोडला. तुमच्या सेंटरला हे मागून बघा. फिस्टुलाचं चित्र काढून टोचायच्या जागा लिहिल्या तरी पुष्कळ होईल.

कुडाळचा एक मुलगा

चित्राचं उद्या बोलतो. पण आंब्याचं वहीत लिहून काय होणार? ती खरं सांगेल असं माणूस लागतं.

निवृत्त एएनएम, गुहागर तालुका

हेच मी म्हणत होते. वही चांगली गोष्ट आहे पोरी, चालू ठेव. पण दादाच्या आईला वही नकोय, तो टेक्निशियन हवाय. त्याला तिथं टिकवायला काय लागलं असतं, राहायची खोली की वेळेवर पगार, हे कुणी विचारलं होतं का?

नवीन सभासद, सावंतवाडी

मध्येच विचारते, माफ करा. माझी तीन वर्षं झाली आहेत. बांद्याच्या पलीकडं गोव्यात चार महिन्यांचं काम मिळतंय. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, तेवढी चालेल का?

फिरतीवरची सिस्टर

नाही चालणार. गोव्याच्या कौन्सिलकडं नोंदणी करावी लागेल, त्यासाठी आपल्या कौन्सिलकडून कागद लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तारीख कबूल करायच्या आधी अर्ज टाक. आणि राहायची खोली बघितल्याशिवाय सही करू नकोस.