मदत हवी आहे: पावसाळ्यात ड्रेड्स वाळत नाहीत, वास येतोय

नमस्कार मंडळी, मी बेळगावची, वडगावात राहते. उन्हाळ्याच्या आधी गोव्यात जाऊन ड्रेडलॉक्स (केस गुंतवून केलेल्या जाड बटा, एकेक बट म्हणजे लॉक) करून घेतले, माझेच केस आहेत, एक्स्टेन्शन नाही. उन्हाळाभर काही त्रास नव्हता, धुतले की गच्चीवर जाऊन बसायचं, संध्याकाळपर्यंत खडखडीत. पण आमच्याकडचा पाऊस एकदा धरला की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, आता धुतल्यावर वरून कोरडे लागतात आणि दुसऱ्या दिवशी हेल्मेट काढलं की ओल्या गोणपाटासारखा वास!

आठवड्यातून एकदा धुते. मगमध्ये शाम्पू पाण्यात कालवून नुसता मुळाशी बोटांनी चोळते, खाली फेस आपोआप ओघळतो. कंडिशनर बंद केलंय. क्लासवरून आल्यावर रात्रीच धुणं होतं, पाणी बहुतेक वेळा बोअरचं, कॉर्पोरेशनचं आलं असेल तर ते.

आई म्हणते भरपूर खोबरेल लाव आणि शिकेकाईनं धू. आज्जीच्या लेखी ही यल्लम्माची जट, तिला शाम्पू कसला लावतेस, भंडारा लाव. शेजारच्या काकू तर परवा चक्क हात जोडून गेल्या, मी काय बोलणार 😅

तर शिकेकाई चालते काय? बेकिंग सोड्याचं पण कुठंतरी वाचलं. आणि वाळवायचे कसे हो? कापून टाक म्हणून सांगू नका, ते घरात रोज ऐकायलेय.

खानापूरकर: शाम्पूचं सोड, तुझा घोळ वाळवण्यात आहे. लॉकचा गाभा घट्ट असतो, पाणी आत बसतं, वरचा थर आधी वाळतो म्हणून आपल्याला वाटतं झालं, आणि रात्री धुऊन तसंच झोपलं की आत बुरशी धरायला रान मोकळं. आमच्या खानापुरात तर तुमच्यापेक्षा जास्त पाऊस, मी सुट्टीच्या दिवशी सकाळीच धुतो. फेस गेला असं वाटलं तरी पुढं पाच-एक मिनिटं पाणी सोडत राहायचं, नाहीतर शाम्पू आतच राहतो. मग एकेक लॉक मुळाकडून टोकाकडं मुठीत दाबत यायचं, पिळे मारायचे नाहीत, मुळं ताणतात. नंतर जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळून परत दाबायचं, टॉवेलचे धागे आत अडकतात आणि मग जन्मभर निघत नाहीत. शेवटी फॅनखाली मोकळे. सगळ्यात जाड लॉक मधोमध टिश्यूत धरून दाब, टिश्यू ओला झाला तर अजून बांधायचे नाहीत आणि हेल्मेट पण नाही.

निपाणीची मावशी: बाळ, शिकेकाईची पूड थेट लावू नको, चोथा आत अडकतो. रिठे-शिकेकाई रात्री भिजत घालून सकाळी उकळायचं, दोनदा फडक्यानं गाळायचं आणि ते पाणी वापरायचं. बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण तर अजिबात नको, त्याची साय केसांवर बसते. तेल बोटाच्या टोकावर घेऊन फक्त टाळूला, आईला सांग वाटीभर ओतायचे दिवस नाहीत हे. आणि आज्जीशी भांडू नकोस पण एक सांगते, विंचरलं नाही की केस गुंततात, तीच जट. सौंदत्तीच्या देवीचं बोलावणं म्हणून कितीतरी पोरींना त्यापायी देवदासी केलं, म्हणून तर कर्नाटकात 1982 ला बंदीचा कायदा आला. तुझी तू हौसेनं ठेवलीस, धुतेस, ह्यात देवीचा काय संबंध!

खानापूरकर: सोडा राहिला. टाळूचा पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5.5, सोड्याचं पाणी 8 च्या वर, नेहमी वापरलंस तर टाळू कोरडी पडून खाजणार. मी वापरत नाही.

धागाकर्ती: थँक्यू दोघांना. ड्रायर मारला तर चालतो काय? आणि आता जो वास आहे तो जाईल की नाही?

खानापूरकर: चालतो की, कमी गरमवर ठेवून वीतभर लांबून, जाड भागावर जास्त वेळ. वास नुसत्या ओलीचा असेल तर दोन-तीन वेळा नीट वाळवलंस की जाईल. पण पूर्ण वाळल्यावरही येत असेल आणि आत काळपट-करडे ठिपके दिसले तर तेवढा लॉक जातो, बाकीचे वाचतात. टाळूला खाज, कोंडा असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखव, मेडिकलवाल्याला विचारून काहीबाही लावू नकोस.