मदत हवी आहे: फ्यूजनच्या बातमीतला 'नफा' नेमका कुठून मोजतात?

फ्यूजनची (हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवायची) बातमी आली की आमच्या ग्रुपवर लगेच "आता वीज फुकट!" सुरू होतं. या वेळी मी आकडे घेऊन भांडायला गेलो आणि स्वतःच अडकलो.

डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधन असलेल्या लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकली, बाहेर आली 3.15. म्हणजे दीडपट. पण ते लेझर चालवायलाच ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल ओढले होते. इथवर कळलं. (1 युनिट वीज म्हणजे 3.6 मेगाज्यूल, म्हणजे बाहेर आलं ते एक युनिटसुद्धा नाही! हे टाकल्यावर ग्रुप जरा गप्प झाला.)

गाडी अडलीये इटरवर (फ्रान्समध्ये उभा राहत असलेला आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्प). 50 मेगावॉट आत, 500 बाहेर, असं दहापट उद्दिष्ट सगळीकडे छापलेलं असतं. बातम्या चाळल्या, दोन व्हिडिओ पाहिले. सगळे त्या दहापटीवरच थांबतात. माझं भौतिकशास्त्र शाळेपुरतं, त्यामुळे समीकरणं नकोत. फ्यूजन कधी येणार, हेही विचारत नाहीये.

त्या 50 मध्ये प्लाझ्मा (म्हणजे तापवलेला विद्युतभारित वायू) धरून ठेवणारी चुंबकं थंड ठेवायची, पंप चालवायची वीज धरलीये, की ती फक्त प्लाझ्मा तापवायला आत सोडलेली ऊर्जा? आणि 500 हा आकडा उष्णतेचा की विजेचा?