प्रति: रक्तातलं शिसं आणि सुट्टीनंतरचा रिपोर्ट

शिशाचं काम करणाऱ्या कामगारांच्या रक्ततपासणीबद्दल "सुट्टीवरून आल्यावर शिसं कमी निघालं, म्हणजे अंगातून निचरा झाला" असं वर कुणी म्हटलंय, ते अर्धंच खरं. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य (म्हणजे ते निम्म्यावर यायला लागणारा काळ) साधारण महिन्याभराचं, पण हाडांत मुरलेलं वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं आणि थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. सुट्टीनंतरचा आकडा कामगारापेक्षा मालकालाच जास्त सोयीचा!

रक्त घ्यायचं कसं, हे मात्र कुणी लिहिलं नाही. आमच्या बॅटरी कारखान्यात तपासणी शिबिरवाले पाळी चालू असतानाच शिशाच्या प्लेटा रचणाऱ्यांच्या राखाडी बोटांना सुई टोचायचे. कातडीवरची धूळ थेंबात मिसळली की आकडा फुगतो. हात साबणाने धुऊन, कोपराजवळच्या शिरेतूनच घ्यायला लावा. आणि तपासणी अख्ख्या रक्ताची हवी, सीरमची (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याची) नव्हे. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं.