चौघांनी बसून एकमेकांना हिशेब द्यावा का?

परळकर

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या पंचायतीच्या (कारभारी समितीच्या) बैठकीत मी एक सूचना मांडली. दहा मिनिटांत ती बासनात गेली, म्हणून इथे मांडतो. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, पुरुषांनी तिघा-चौघांचे गट करावेत, आठवड्यातून एकदा तासभर बसावं आणि एकमेकांना आपल्या वागण्याचा खरा हिशेब द्यावा. पैसा, नजर, मोबाइल, दारू, घरात चढवलेला आवाज, सगळ्याचा. याला अकाउंटेबिलिटी ग्रुप म्हणतात. बैठकीत एकजण म्हणाला, "ही अमेरिकेची फॅशन. आपल्याकडे पुरुष मंडळ आहे की." पुरुष मंडळात आपण काय करतो? गीत, वचन, ख्रिसमसच्या मंडपाचा खर्च आणि चहा.

आम्ही चौघं दोन वर्षं असे बसतोय. गुरुवारी रात्री नऊला, चर्चमागच्या संडे स्कूलच्या खोलीत. बाकं लहान मुलांची, बुटकी, गुडघे छातीशी येतात. चौघांतला एक सात आठवडे "बरं चाललंय, देवाची कृपा" एवढंच बोलायचा. आठव्या गुरुवारी त्याची पाळी आली तर नुसता पंख्याकडे बघत राहिला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "शेअर बाजारात, ऑप्शन ट्रेडिंगमध्ये पावणेतीन लाख घालवलेत. बायकोच्या पाटल्या गहाण आहेत. रोज मस्टरवर सही केली की पहिलं मार्केट बघतो."

रविवारी आमच्या शेजारच्याच बाकावर बसून गाणारा माणूस. पाळकांना माहीत नाही, भावाला माहीत नाही. त्या रात्री त्याने ट्रेडिंगचं ॲप आमच्यासमोर काढून टाकलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो आम्हाला पासबुक दाखवतो, आजही. (त्याला विचारूनच लिहितोय.)

याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं स्पष्ट आहे. "एकमेकांजवळ" या शब्दाचं आपण काय केलं, एवढंच मला विचारायचंय.

भायखळा_७८

परळकर, तुमच्या हेतूवर शंका नाही. पण मी अशाच एका गटातून पोळून बाहेर पडलेला माणूस आहे, त्यामुळे स्पष्ट बोलतो.

आमच्याही मंडळीत पाचजणांचा असा गट होता. मी तिथे माझ्या पिण्याबद्दल बोललो. रडलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बरं वाटलं. दोन महिन्यांत मुलीचं जवळपास ठरलेलं स्थळ मोडलं. मुलाकडच्यांनी फोनवर सांगितलं, "वडिलांचं जरा कानावर आलंय." कुठून आलं? पाचातल्या एकाचा साडू मुलाच्या आईचा मामेभाऊ. त्याने वाईट हेतूने सांगितलं असंही मला वाटत नाही. "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हो" असंच म्हणाला असेल. आपल्याकडे चुगली प्रार्थनेच्या विनंतीचा सदरा घालून फिरते.

मुंबईतला मराठी ख्रिस्ती समाज केवढा? नगर, जालना, सोलापूरहून आलेली तीच घराणी, तीच आडनावं. तुमच्या चौघांत एकमेकांशी सोयरीक नाही असं छातीवर हात ठेवून सांगा. आणि "त्याला विचारूनच लिहितोय" हे वाचून मला कसंतरी झालं. तिघांसमोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो का?

वसईचा_डाबरे

मी कॅथलिक, रोज वसई-चर्चगेट. बाहेरून बघणाऱ्याचं मत म्हणून घ्या.

हा प्रश्न आमच्याकडे फार आधी सुटलाय. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली, बंधनकारक केलं आणि त्याच कलमात धर्मगुरूला गुप्ततेचंही बंधन घातलं. आजच्या चर्चच्या कायद्यात ती गुप्ततेची मोहोर धर्मगुरूने फोडली तर त्याला थेट बहिष्कृतीची शिक्षा आहे. भायखळ्याच्या भाऊंचं जे झालं ते तिथे होऊ शकत नाही. साडूला, मित्राला, पंचायतीच्या सेक्रेटरीला असं कुठलं बंधन आहे? कन्फेशनच्या जाळीपलीकडच्या माणसाचं काम ऐकणं आणि क्षमा उच्चारणं. चार दोस्तांना तो अधिकार कोणी दिला?

परळकर

डाबरे, मोहोरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जाळीपलीकडचे फादर पुढच्या गुरुवारी "पासबुक आण" म्हणतात का? क्षमा देवाची, ती आम्ही वाटत नाही. आम्ही फक्त पुढच्या आठवड्यात विचारतो. बायबलमधल्या दावीद राजाने पाप लपवलं होतं; नाथान संदेष्टा त्याच्या घरी येऊन "तो माणूस तूच आहेस" म्हणाला, तेव्हा राजा जागा झाला. नाथान आला नसता तर?

भायखळा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सोयरीक आहे. आमच्यातले दोघं चुलत साडू आहेत. याचा मी विचारच केला नव्हता.

निवृत्त_गुरुजी_गिरगाव

"अमेरिकेची फॅशन" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, कारण इथे दोन्ही बाजू चुकताहेत.

मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने 1738 च्या नाताळच्या दिवशी छोट्या गटांचे नियम लिहिले. बायका-पुरुष वेगळे, विवाहित-अविवाहित वेगळे. दर बैठकीला पहिला प्रश्न: मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणतं पाप केलंस? पुढे 1742 मध्ये ब्रिस्टलला बारा-बारा माणसांचे वर्ग सुरू झाले. त्यांची सुरुवात मजेशीर आहे. सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून बारा माणसांमागे एकजण दर आठवड्याला पेनी गोळा करत फिरू लागला. पैसे मागायला दारात गेल्यावर घरात काय चाललंय ते दिसायला लागलं. कोण पितो, कोण मारतो. आत्म्याची चौकशी पेनीच्या हिशेबातून निघाली. परळकरांचं पासबुक मला म्हणूनच ओळखीचं वाटलं. मुंबईतही ही रीत नवी नाही. मेथोडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 मध्ये इथे आले, त्यांनी घराघरांत असेच वर्ग बसवले.

आता दुसरी बाजू. वेस्लीच्या त्याच वर्गांत दर तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट मिळायचं. वागणूक ठीक नसली की तिकीट बंद. हळूहळू खरं बोलण्यापेक्षा तिकीट टिकवणं महत्त्वाचं झालं आणि लोक "बरं चाललंय" म्हणायला शिकले. सूचना पंचायतीने मंजूर केली नाही हे चांगलंच झालं. मंडळीने गट नेमले की हजेरी आली, हजेरी आली की तिकीट आलं.

आपले नारायण वामन टिळक 1917 मध्ये "देवाचा दरबार" हा बंधुसंघ काढतात तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेलेही बंधू म्हणून चालतात. भायखळ्याच्या दुखण्यावर औषध असेल तर ते अशा मोकळ्या दारात आहे, नातेवाइकांच्या वर्तुळात नाही.

लालबागची_सून

इथे सगळे पुरुष पुरुषांच्या पापांबद्दल बोलताहेत, म्हणून एक साधा प्रश्न. परळकर, त्या बाईच्या पाटल्या गहाण पडल्याचं तिला कधी कळलं?

परळकर

पाच आठवड्यांनी. लग्नाला जायचं होतं, तिने पाटल्या मागितल्या तेव्हा.

लालबागची_सून

म्हणजे पाच गुरुवार तिच्या सोन्याबद्दल चार पुरुषांना माहीत होतं, तिला नव्हतं. ती रविवारी तुमच्याशी हसून बोलत होती. मी तिच्या जागी असते तर पैशांपेक्षा याचं जास्त लागलं असतं. तुम्ही त्याला हलकं केलंत, हे खरं. त्याचं ओझं उचललंत. पण ते ओझं तिचं होतं. नवऱ्याने खरं कुठे बोलायचं हे शिकण्यासाठी संडे स्कूलची खोली हवी असेल तर जरूर घ्या, पण शेवटी घरीच यायचंय. माझा नवरा अशा गटात गेला तर मला आनंदच होईल, अट एकच: पहिला आठवडा तिथे, दुसऱ्याच्या आत माझ्यासमोर.

समुपदेशक_दादर

मी व्यसनमुक्तीत काम करतो. गटाची ताकद रोज बघतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्येही (दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेत) आपल्या चुका दुसऱ्या एका माणसासमोर कबूल करणं ही पाचवी पायरी आहे, आणि ती चळवळ 1935 मध्ये सुरू झाली ती ख्रिस्ती गटांच्याच वळणावर. त्यामुळे मी परळकरांच्या बाजूचा.

पण "इथलं इथेच राहील" असं सरसकट वचन देऊ नका. कोणी लहान मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचं सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तिथे पातक कबूल झालं, प्रार्थना झाली, विषय संपला असं नाही. बायकोला मारहाण चालू असेल तर तिची सुरक्षितता आधी. हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा. आणि रोज पिणाऱ्याला एकदम सोडायला लावून नुसती प्रार्थना करू नका. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टर लागतो.

भायखळा_७८

गुरुजी, डाबरे, दोघांचं पटतंय तेवढं पटतंय. मी पुन्हा मंडळीच्या गटात बसणार नाही. माझी मुलगी अजून घरी आहे. पण गेल्या नाताळपासून मी प्यायलेलो नाही, आणि हे कोणी विचारतच नाही. हेही खरं.

परळकर

भायखळा, मी विचारतो. कसं चाललंय? "बरं" सोडून सांगा.

लालबागताई, तुमचं काल रात्री गटात वाचून दाखवलं. ज्याच्या पाटल्या त्याने मान खाली घातली. आता नियम केलाय: ज्याचं नुकसान झालंय त्याला पुढच्या गुरुवारच्या आत सांगायचं, जमत नसेल तर आमच्यातला एक सोबत जाईल. दोघा साडूंपैकी एकाने स्वतःहून दुसरा गट शोधायचं ठरवलंय. पंचायतीकडे सूचना पुन्हा नेणार नाही.

भायखळा_७८

रविवारी संध्याकाळी सहा ते आठ वाईट जातात. बाकी जमतंय.

लालबागची_सून

आणि पाटल्या? सुटल्या का?

परळकर

एक सुटली. दुसरी डिसेंबरात.