गाडी उभी राहिल्यावर ऑइलचा दिवा उशिरा विझतो, अ‍ॅक्युम्युलेटर बसवावा का?

रंकाळा_१२००
१.२ लिटर पेट्रोल गाडी, दहा-पंधरा दिवस उभी असते. मग सेल मारला की ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंद राहतो, हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, टकटक येते आणि थांबते. रोज चालवली तर काही नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल आहे, मागच्या सर्व्हिसला त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलंय. ऑइल फिल्टर उभा, तोंड खाली. सुरू व्हायच्या आधीच दाब देणारा अ‍ॅक्युम्युलेटर बसवावा का?

उद्यमनगर_फिटर
भावा, आधी फिल्टर बघ. त्याच्या तोंडाशी बारीक भोकांच्या मागं रबराचा पडदा असतो. इंजिन बंद झालं की तो ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरू देत नाही. हलक्या फिल्टरचं रबर उष्णतेनं कडक होतं, पडदा नीट बसत नाही, मग सेल मारल्यावर पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो. गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहिल्यावरच फिल्टर खोल. फिल्टर हाताला हलका लागला आणि ऑइल सांडलंच नाही, तर पडदा गेला. सिलिकॉन पडद्याचा घे. रबर रिंगला ऑइल लाव, रिंग टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, पाना नको.

आणि ५डब्ल्यू-३० वर परत ये. आपल्याकडं थंडी बेताची असली तरी २०डब्ल्यू-५० सकाळी वर पोचायला वेळ घेतं. गेजवर दाब जास्त दिसला म्हणजे ऑइल जास्त पोचलं, असं नसतं.

शिरोली_गेज
दिव्यावर विसंबू नका. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बार (दाबाचं माप) एवढ्या कमी दाबालाच दिवा विझवतो. स्विच काढून तिथं दाब मोजणारं मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला १ बारच्या खाली आणि ३००० आरपीएमला ३ बारच्या बरंच खाली असेल, तर कंपनीच्या आकड्याशी ताडून पंप आणि बेअरिंग तपासा. गरम असताना दाब बरोबर, फक्त उभी राहिल्यावर उशीर, तर संशय फिल्टरवरच. नवा फिल्टर लावूनही उशीर झाला तर चेंबर खोला: पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी तुंबलेली असते, किंवा सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी कडी) हवा ओढते.

पन्हाळा_टर्बो
अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे पिस्टनचा सिलिंडर, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं ऑइल. त्याचा व्हॉल्व्ह इंजिन चालू असतानाच बंद करावा लागतो. विसरलात तर सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, पातळी वाढते, क्रँक ते घुसळून फेस करतो. शिवाय ऑइल उलट पंपाकडं जाऊ नये म्हणून लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह हवा. होज फुटला तर इंजिनच जाईल. रेसिंगच्या गाडीला ठीक, तुमच्या गाडीला नको.

रंकाळा_१२००
फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना?

उद्यमनगर_फिटर
बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला तर पेट्रोल बंद राहतं. तुझ्या पुस्तिकेत तसं असेल तर पाच-सात सेकंद सेल मार, दिवा विझला की थांब, मग नेहमीसारखी सुरू कर. इंजिन मध्येच पकडलं तर पाय लगेच काढ. नंतर मिनिटभर रेस नको, रिंगभोवती गळतंय का बघ, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक.